पेंडीच्या पोत्यावर लेबल कोण लावणार? जीएम अन्नाचा प्रचार संशोधकाच्या नजरेनं वाचताना

सप्टेंबर २०२१. मी गावी होते. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरत होता: अंगावर मोठमोठ्या गाठी आलेले पांढरे उंदीर. खाली मजकूर, की परदेशातून जीएम सोयाबीनची पेंड येतेय, ती कोंबड्या खाणार, कोंबड्या आपण खाणार आणि आपल्याला कॅन्सर होणार. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोन माझ्यासमोर धरला. "तू ह्याच्यातलंच शिकायलीस ना? खरं हाय का हे?"

मी अर्धा तास समजावून सांगितलं. तो प्रयोग कुठला, त्यात काय चुकलं, प्रथिनं पोटात कशी पचतात, सगळं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. मंग भाव का पडला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांचा मूळ प्रश्न तोच होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फोटोतल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, माणसाच्या प्रश्नाचं नाही. आजची पोस्ट त्या चुकीवर आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल, संशोधनाचा विषय शोधत असाल, तर जीएम अन्नाच्या बाजूचं आणि विरोधातलं प्रचारसाहित्य हा वाचनाच्या सरावासाठी फार चांगला मजकूर आहे. त्यात विज्ञान, कायदा, बाजार आणि भीती एकाच वाक्यात कोंबलेली असतात. आपलं काम त्या वेगळ्या करण्याचं.

आधी घडलं काय ते

२०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला होता. त्या हंगामाचा हमीभाव होता ३,९५० रुपये. म्हणजे लातूरच्या अडतीवर पहिल्यांदाच सोयाबीनला सोन्याची भाषा आली होती. धाराशिव जिल्ह्यात खरिपाचं मुख्य पीक सोयाबीनच, त्यामुळे घराघरांत हिशेब सुरू झाले: यंदा बोअरचं कर्ज फिटेल, यंदा लग्न काढू.

दुसरीकडे कोंबड्यांच्या खाद्याचा खर्च वाढला म्हणून कुक्कुटपालन उद्योग सरकारकडे गेला. २४ ऑगस्ट २०२१ ला केंद्र सरकारनं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. दळलेली, तेल काढून घेतलेली पेंड, न्हावा शेवा बंदर आणि पेट्रापोल सीमा नाक्यावरून, आधी ऑक्टोबरअखेरपर्यंत, नंतर मुदत वाढवून जानेवारी २०२२ अखेरपर्यंत. पेरायला परवानगी नाही, फक्त पेंड.

नवीन माल बाजारात यायच्या तोंडावर भाव पाच हजारांच्या आसपास आला. शेतकरी चिडले. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पुढे मात्र आंदोलनाची भाषा बदलली. "आमचा भाव पाडला" हे वाक्य हळूहळू "आम्हाला विष चारताय" असं झालं. का झालं असावं? मला वाटतं, भावाची तक्रार गावापुरती राहते, आरोग्याची तक्रार शहरातही ऐकली जाते. पण तक्रार अशी बदलली की पुरावाही बदलावा लागतो, आणि तिथंच घोटाळा होतो.

एका शब्दात चार प्रश्न

"जीएम अन्न सुरक्षित आहे का?" हा प्रश्न ऐकला की थांबा. त्यात निदान चार प्रश्न आहेत:

१. खाणाऱ्याच्या आरोग्याला धोका आहे का? (विषशास्त्र, पोषणशास्त्र)
२. पेरल्यावर पर्यावरणाला, इतर वाणांना धोका आहे का? (परिसंस्थाशास्त्र)
३. पिकवणाऱ्याच्या कमाईवर काय परिणाम होतो? (अर्थशास्त्र)
४. खाणाऱ्याला कळण्याचा हक्क आहे का? (कायदा, नीती)

प्रत्येकाचा पुरावा वेगळा लागतो. पहिल्याला प्रयोगशाळा, तिसऱ्याला बाजारभावाची आकडेवारी. चौथ्याला तर प्रयोगच लागत नाही; शाकाहाराचं हिरवं चिन्ह पुड्यावर असतं ते मांस विषारी आहे म्हणून नव्हे. प्रचाराची पहिली खोड हीच, की एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्या प्रश्नाला चिकटवायचा. ही खोड दोन्ही बाजूंना आहे.

उंदरांचा फोटो

तो फोटो फ्रान्समधल्या जिल-एरिक सेरालिनी यांच्या गटाच्या २०१२ मधल्या शोधनिबंधातला. विषय जीएम मका आणि ग्लायफोसेट तणनाशक. मला त्याची लाज वाटते, कारण एमएस्सीच्या सेमिनारला मी स्वतः तीच चित्रं स्लाइडवर टाकली होती. मॅडमनी एकच विचारलं: "कंट्रोल गटात किती उंदीर?" मी पाहिलंच नव्हतं.

उत्तर असं: एकूण २०० उंदीर, दहा-दहाचे गट, नर-मादी वेगळे. म्हणजे प्रत्येक लिंगाचे नऊ गट प्रयोगाचे आणि तुलनेला फक्त दहा उंदरांचा एक गट. दोन वर्षांच्या कर्करोग अभ्यासाला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीत दर गटात, दर लिंगाचे निदान ५० प्राणी धरतात. शिवाय वापरलेली स्प्रेग-डॉली जात अशी, की म्हातारपणी तिला काहीही न करता गाठी येतात. दहापैकी किती उंदरांना गाठ "अशीच" आली आणि किती जणांना मक्यामुळे, हे एवढ्या लहान गटातून सांगता येत नाही. आणि फोटोत कंट्रोल गटातला गाठवाला उंदीर दाखवलेलाच नव्हता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये नियतकालिकानं तो निबंध मागे घेतला. इथं नीट वाचा: संपादकांनी फसवणुकीचा आरोप केला नव्हता, निष्कर्ष अनिर्णायक आहेत असं म्हटलं होतं. २०१४ मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला. म्हणजे "खोटा होता" हेही चूक आणि "सिद्ध झालं" हेही चूक. त्यातून काही सिद्ध होत नाही, एवढंच बरोबर.

कोंबडीमार्फत काय येतं, हा आणखी वेगळा प्रश्न. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २००७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं, की जीएम खाद्य खाल्लेल्या जनावरांच्या मांसात, दुधात, अंड्यांत बदललेला डीएनए किंवा त्याची प्रथिनं खात्रीलायकरीत्या सापडत नाहीत. म्हणजे गावातल्या मेसेजमधली साखळी, पेंड-कोंबडी-कॅन्सर, तिन्ही कड्यांवर कच्ची.

आता दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून "बघा, विरोधक अडाणी" असं वाटत असेल तर घाई करू नका. बाजूनं बोलणाऱ्यांची तीन आवडती वाक्यं पाहू.

पहिलं: "हजारो अभ्यासांनी सिद्ध केलंय." अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा मे २०१६ चा मोठा अहवाल म्हणतो, की बाजारात असलेल्या जीएम पिकांच्या अन्नातून आरोग्याला नेहमीच्या अन्नापेक्षा जास्त धोका असल्याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. हे वजनदार विधान आहे आणि मी ते मानते. पण ते "बाजारात असलेल्या पिकांबद्दल" आहे, पुढच्या प्रत्येक पिकाबद्दल नाही. तोच अहवाल असंही म्हणतो, की आरोग्यासाठी म्हणून लेबल सक्तीचं करण्याची गरज दिसत नसली तरी लेबलाच्या प्रश्नात सामाजिक आणि आर्थिक निवडी आहेत. हा अर्धा भाग प्रचारात गळतो.

आणि अभ्यास कुणाच्या हातात आहेत? आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. बीटी वांगं जालन्याच्या महिको कंपनीचं. त्याच्या सुरक्षा चाचण्यांची माहिती लोकांसमोर आली ती माहितीच्या अधिकारात आणि न्यायालयात पाठपुरावा झाल्यावर. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसी या मंजुरी समितीनं हिरवा कंदील दिला. मग पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली. त्या निर्णयाशी सहमत व्हा किंवा होऊ नका, पण माहिती आधीच उघडी असती तर सुनावणीतला निम्मा आरडाओरडा वाचला असता. लपवलेला डेटा अफवेला खत घालतो.

दुसरं वाक्य: "भारतात जीएम अन्न नाहीच, फक्त कापूस आहे." बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापूसक्षेत्र बीटी आहे. कापसातून सरकी निघते. सरकीचं तेल खाण्यात जातं, सरकी पेंड आपल्या दावणीला जाते. शिवाय देश दरवर्षी मोठ्या प्रमाणावर सोयातेल आयात करतो, मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, जिथं जवळपास सगळं सोयाबीन जीएम आहे. तेव्हा वाक्य शेताबद्दल बरोबर आणि ताटाबद्दल चूक.

तिसरं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: "पेंड जिवंत नाही, म्हणून काळजी नाही." २०२१ च्या परवानगीच्या वेळी पर्यावरण मंत्रालयाची भूमिका अशी होती, की दळलेल्या पेंडीत जिवंत जनुकबदललेला जीव नसतो, त्यामुळे पर्यावरणाच्या दृष्टीनं हरकत नाही. दुसऱ्या प्रश्नापुरतं हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे. दळलेलं बी उगवत नाही. पण बाकीच्या तीन प्रश्नांचं काय?

दोन कायद्यांमधली फट

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण प्रचारात तो जवळजवळ कुणी सांगत नाही.

जीएम अन्नाला दोन दारं आहेत. एक, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम. ते जीईएसीकडे जातात, आणि त्यांच्या कक्षेत जीवांबरोबर जनुक-तंत्रज्ञानाची उत्पादनंही येतात. दोन, २००६ चा अन्नसुरक्षा कायदा. त्याचं कलम २२ जीएम अन्न नियमांशिवाय बनवायला, विकायला, आयात करायला मनाई करतं. तो एफएसएसएआयच्या अखत्यारीत.

आता गंमत पाहा. अन्नसुरक्षा कायद्यातली "अन्न" या शब्दाची व्याख्या काढून वाचा. त्यात पशुखाद्य वगळलंय. म्हणजे पेंड एका दारावर सांगते, "मी जिवंत नाही," आणि दुसऱ्या दारावर सांगते, "मी अन्न नाही." दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी, आणि पेंड आत. कुणी नियम मोडला असं मी म्हणत नाही. पण १२ लाख टन मालाबद्दल आरोग्य, बाजार आणि माहितीचा हक्क या तिन्ही बाजूंनी एकत्र विचार करायची जबाबदारी कुणा एकाकडे नव्हती. काही संघटनांनी तेव्हा कायद्याचा मुद्दा उचलला होता, तो रास्त होता. गावात पोचला मात्र उंदीर.

माझी टीका नेमकी इथं आहे. हातात खरा, सिद्ध करता येणारा मुद्दा असताना प्रचारानं कच्चा मुद्दा निवडला. कच्चा मुद्दा प्रयोगशाळेतल्या एका वाक्यात कोसळतो आणि जाताना खऱ्या मुद्द्यालाही घेऊन जातो. त्या संध्याकाळी घरात मी तेच केलं होतं, कॅन्सरचा दावा पाडून विषय संपल्यासारखं बोलले.

एक चांगला अभ्यास आणि त्याची मर्यादा

प्रचारातून चांगलं संशोधन निघू शकतं का? निघतं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं जुलै २०१८ मध्ये ६५ खाद्यपदार्थांची डीएनए तपासणी जाहीर केली. ३५ आयात केलेले, ३० देशी. २१ नमुने जीएम निघाले, म्हणजे ३२ टक्के. त्यातले १६ आयातीचे, ५ देशी; देशी पाचही सरकीच्या तेलाचे. पुड्यांवर तसं लिहिलेलं नसणं हा मुख्य मुद्दा होता आणि तो त्यांनी आकड्यांनी दाखवला. "कायदा आहे, अंमल नाही" एवढाच दावा, त्याला पुरेसा पुरावा. हीच खरी पद्धत.

पण "भारतातलं ३२ टक्के अन्न जीएम" असं कुणी म्हटलं तर? नमुने यादृच्छिक नव्हते. सोया, मका, सरकी, मोहरीवर्गीय तेल असलेले, म्हणजे जिथं सापडण्याची शक्यता जास्त तिथूनच घेतलेले. शोधायला ते योग्य, प्रमाण सांगायला नाही. आणि समजा क्षणभर यादृच्छिक धरले, तरी ३० पैकी ५ याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल काढून बघा: साधारण ७ ते ३४ टक्के. एवढ्या रुंद अंतरालावर धोरण ठरवता येत नाही, पण नीट सर्वेक्षण करा अशी मागणी नक्की करता येते.

लेबल काय सांगतं, काय सांगत नाही

१ जानेवारी २०१३ पासून वजनमापाच्या नियमांनुसार जीएम अन्न असलेल्या पाकिटाच्या दर्शनी भागावर वरच्या बाजूला "जीएम" लिहिणं सक्तीचं झालं. किती टक्क्यांपासून, कुणी तपासायचं, हे त्यात नीट नव्हतं. एफएसएसएआयनं नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र नियमांचा मसुदा आणला, त्यात एखादा घटक १ टक्का किंवा जास्त जीएम असेल तर लेबल, असं सुचवलं. युरोपात ही मर्यादा ०.९ टक्के, अमेरिकेत ५ टक्के. हे आकडे विषाच्या मात्रेचे नाहीत हे लक्षात ठेवा. नकळत मिसळ किती सहन करायची आणि तपासणी किती परवडते, याचे ते तडजोडीचे आकडे आहेत.

तेलाचा प्रश्न आणखी अवघड. शुद्ध केलेल्या तेलात डीएनए जवळपास उरतच नाही. मग तपासायचं कसं? युरोप म्हणतो, उगम जीएम असेल तर लेबल लावा, डीएनए सापडो न सापडो. त्यासाठी शेतापासून कागदपत्रांची साखळी ठेवा. अमेरिकेचा २०२२ पासून सक्तीचा झालेला नियम म्हणतो, बदललेला डीएनए सापडत नसेल तर उघड करायची गरज नाही. पहिला नियम उगमाबद्दल बोलतो, दुसरा शेवटच्या पदार्थाबद्दल. तुमचा प्रश्न आरोग्याचा असेल तर दुसरा पटेल. हक्काचा किंवा बाजाराचा असेल तर पहिला. आपल्याकडे २३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं जीएम मोहरीवर एकमत झालं नाही, पण जीएम खाद्यतेलाच्या आयातीत अन्नसुरक्षा कायद्याचं कलम २३, म्हणजे वेष्टन आणि लेबलाचं कलम, पाळलंच पाहिजे यावर दोघंही एक होते. बातम्यांत मतभेद मोठ्या अक्षरांत आला, एकमत बारीक.

"लेबलनं लोक घाबरतील" हा उद्योगाचा आक्षेप. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात २०१६ मध्ये सक्तीचं लेबल आलं, तेव्हा कोलोडिन्स्की आणि लस्क यांनी आधी-नंतर आणि इतर राज्यांशी तुलना करून पाहिलं. २०१८ च्या निबंधात त्यांना व्हर्माँटमध्ये जीएम अन्नाचा विरोध १९ टक्क्यांनी घटलेला दिसला. एका राज्याचा अभ्यास आहे, आपल्याकडे तसंच होईल असं नाही. पण "घाबरतील" हे गृहीत धरण्याआधी मोजावं लागतं, एवढं तरी त्यातून कळतं.

धाराशिवात लेबल म्हणजे काय

आता गावाकडे येऊ. आमच्या शेतात जेएस-३३५ किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस-७१ पेरतात, बऱ्याचदा घरचंच राखलेलं बी. सगळं बिगर-जीएम, कारण जीएम सोयाबीन पेरायला देशात परवानगीच नाही. जगात बिगर-जीएम सोयापेंडीला स्वतःचं गिऱ्हाईक आहे; भारताची पेंड बाहेर जाते ती बरीचशी याच ओळखीवर.

मग आयात पेंडीच्या पोत्यावर "जीएम" असं ठळक लिहिलेलं असतं तर? कॅन्सर टळला असता असं नाही. पण पोल्ट्रीवाल्याला, दूधवाल्याला आणि गिऱ्हाइकाला फरक दिसला असता, आणि आपल्या शेतकऱ्याला आपला माल वेगळा आहे असं म्हणून भाव मागायला एक कागद मिळाला असता. लेबलाचा सगळ्यांत भक्कम युक्तिवाद भीतीचा नसून ओळखीचा आहे, आणि धाराशिवच्या शेतकऱ्याला तोच कामाचा आहे. त्याला मर्यादाही आहेत: आपल्या बाजारात तेल, डाळ, पेंड बरंच सुट्टं विकलं जातं, लेबल पाकिटालाच चिकटतं, वेगळा साठा, वेगळी वाहतूक यांना खर्च येतो आणि तो शेवटी कुणाच्या डोक्यावर बसतो हे बघावं लागेल. युरोपातही जीएम खाद्य खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्यांवर लेबल नसतं.

आणि अण्णांचा प्रश्न? भाव फक्त पेंडीमुळे पडला का? तेव्हा नवीन आवक सुरू होत होती, सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं सोयाबीन भिजलं होतं, आणि ओल्या मालाला भाव कमीच मिळतो. आधी भाव जास्त, मग आयात, मग भाव कमी, एवढ्यावरून कारण ठरत नाही. आयात नसती तर भाव काय असता, याचा अंदाज बांधावा लागतो. एवढ्या मोठ्या आयातीच्या घोषणेनं बाजाराची मनःस्थिती बदलली हे मला शक्य वाटतं. किती रुपयांनी, हे सांगायला बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव घेऊन बसावं लागेल. तुमच्यापैकी अर्थशास्त्राच्या कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या, लातूर-धाराशिवमध्ये बसून होण्यासारखा आहे.

पुढच्या वेळी पत्रक हातात आलं की

एक कागद घ्या आणि चार ओळी लिहा. दावा वरच्या चारपैकी कुठल्या प्रश्नाचा आहे? पुरावा कुठल्या प्रश्नाचा आहे? दोन्ही जुळतात का? आणि चौथी ओळ, जी मी २०२१ मध्ये लिहिली नव्हती: ज्यानं हे पत्रक पुढे पाठवलं, त्याला नेमकं काय दुखतंय?

पहिल्या तीन ओळी तुम्हाला मुलाखतीत उपयोगी पडतील. चौथी घरी.